बिर्याणी, गजनी आणि शेरू

२६/११ म्हटलं की डोक्यात पहिलं काय येतं? ताजच्या घुमटातून निघणारा धूर, हे उत्तर झालं मुलाखतीतलं. खरं सांगा. मी गेली काही वर्षं हा प्रश्न लोकांना विचारते. लिफ्टमध्ये, कॅण्टीनमध्ये, कॅबच्या शेअरिंगमध्ये. ज्यांना ती रात्र आठवण्याइतकं वय होतं ते आपण तेव्हा कुठे होतो ते सांगतात. आणि जी मंडळी तेव्हा पहिली-दुसरीत होती आणि आता आपल्या टीममध्ये एक्सेल शीट भरतायत, त्यांच्यातल्या दहापैकी सहा-सात जणांचं उत्तर एकच असतं. 'त्या कसाबला जेलमध्ये बिर्याणी खायला घालायचे ना?'

नाही. नव्हते घालत.

ही गोष्ट मला आपल्या शहराच्या सगळ्या विचित्र बातम्यांमधली सगळ्यात विचित्र वाटते, म्हणून जरा नीट सांगते. २००९ मध्ये आर्थर रोड जेलमधल्या स्पेशल कोर्टात खटला चालू होता. रक्षाबंधनाच्या दिवशी कसाबने कोर्टात मान खाली घातली, डोळे पुसले, असं काहीतरी झालं. बाहेर बातमी सुटली की त्याला बहिणीची आठवण आली. चॅनलवर चर्चा सुरू. तेव्हा सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी पत्रकारांना सांगितलं की हा तर मटण बिर्याणी मागतोय. संपलं! बहीण गेली, अश्रू गेले, राहिली बिर्याणी. पुढे मार्च २०१५ मध्ये जयपूरच्या एका परिषदेत निकमांनी स्वतःच सांगून टाकलं की तसं काही नव्हतं. कसाबने बिर्याणी मागितली नव्हती आणि सरकारने दिलीही नव्हती. त्याच्याबद्दल तयार होत असलेली सहानुभूती मोडायला ती आपण रचली होती.

तोवर कसाबला येरवड्यात फाशी होऊनही दोन वर्षं उलटली होती, आणि बिर्याणी निवडणुकीच्या भाषणांतून, जोक्समधून, गाडीच्या मागच्या स्टिकरसारखी शहरभर फिरून आली होती. खुलासा आला, छापून आला, लोकांनी वाचला. बिर्याणी मात्र आहे तिथेच आहे. तिला कोणी हलवू शकत नाही.

त्या आठवड्याचं बाकीचं काय काय उरलंय ते एकदा आठवून पाहा.

तो बुधवार होता. कटकला इंग्लंडविरुद्धची डे-नाइट वन डे होती, भारत जिंकला होता, आणि मॅच संपवून लोक चॅनल बदलत होते. दुसरं काही बघायलाही नव्हतं. कारण 'क्योंकि सास भी कभी बहू थी' ६ नोव्हेंबरलाच संपली होती (ती २०२५ मध्ये परत आली, या देशात काहीच कायमचं संपत नाही) आणि सिनेमा-टीव्ही कामगारांच्या संपामुळे हिंदी मालिकांचे नवे भाग दोन-तीन आठवडे बंदच होते. सगळीकडे जुने एपिसोड. म्हणजे अख्ख्या देशाचा रिमोट तसाही रिकामटेकडा होता. त्यात हे सुरू झालं आणि शनिवार सकाळपर्यंत संपलं नाही. लाइव्ह. कमांडो हेलिकॉप्टरमधून नरीमन हाऊसच्या गच्चीवर उतरतानाही लाइव्ह. पलीकडे कराचीत बसलेले लोकही तोच टीव्ही बघून आतल्यांना फोनवर सूचना देत होते. २०१२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने त्या कव्हरेजवरून चॅनलवाल्यांना चांगलंच झापलं. १६६ माणसं गेली. हा आकडा मात्र माझ्या त्या लिफ्टमधल्या सर्व्हेत फारसं कुणी पटकन सांगत नाही.

मग नेत्यांचा एपिसोड. आबा, म्हणजे आर. आर. पाटील, तेव्हाचे गृहमंत्री. प्रेस कॉन्फरन्समध्ये हिंदीत बोलताना म्हणून गेले की मोठ्या शहरांत असा एखादा प्रकार होतोच. आणि ते वाक्य नेमकं शाहरुखच्या 'डीडीएलजे'मधल्या डायलॉगच्या चालीवर पडलं! मराठा मंदिरमध्ये १९९५ पासून हलायला तयार नसलेला तो सिनेमा एका गृहमंत्र्याची खुर्ची घेऊन गेला. मला आबांचं तेव्हाही वाईट वाटलं होतं, आजही वाटतं. तासगावकडचा साधा माणूस, मराठीत बोलला असता तर हेच वाक्य कदाचित नुसतं चुकीचं वाटलं असतं, फिल्मी वाटलं नसतं. पण आपल्याला चुकीपेक्षा फिल्मी जास्त लक्षात राहतं. वर्षभराने निवडणुका झाल्या आणि आबा परत गृहमंत्री झाले. ते किती जणांना आठवतं?

त्याच दिवसांत मुख्यमंत्री विलासराव देशमुख ताजची पाहणी करायला गेले, सोबत मुलगा रितेश आणि राम गोपाल वर्मा. ते फुटेज पुन्हा पाहा. जळालेल्या भिंती, तुटलेल्या काचा, आणि मधूनच चाललेला 'सत्या'चा डिरेक्टर. बघणाऱ्या प्रत्येकाला वाटलं, झालं, लोकेशन बघायला आला. विलासरावांनाही जावं लागलं. आणि रामूने सिनेमा केलाच, मार्च २०१३ मध्ये, 'द अटॅक्स ऑफ २६/११', नाना पाटेकर पोलीस अधिकाऱ्याच्या भूमिकेत. रामू एकटा नव्हता म्हणा. हल्ल्यानंतर काही दिवसांतच निर्मात्यांच्या संघटनेत टायटल रजिस्टर करायला रांग लागल्याच्या बातम्या होत्या. ताज, ओबेरॉय, ऑपरेशन, अवर्स... हे शब्द उलटसुलट लावून जेवढी नावं होतील तेवढी. बहुतेक सिनेमे कधी निघालेच नाहीत.

३ डिसेंबरला, बरोबर एका आठवड्याने, गेटवेला मेणबत्त्या घेऊन हजारो लोक जमले. एसएमएसवरून. त्याच्या आदल्या दिवशी भाजपच्या मुख्तार अब्बास नक्वींनी लिपस्टिक-पावडर लावून निदर्शनं करणाऱ्या बायकांवर कॉमेंट मारली होती. आमच्या फ्लोअरवरच्या मुली मग मुद्दाम डार्क शेड लावून गेल्या. निषेधाचा एवढा स्वस्त आणि इतका बरोबर प्रकार मी नंतर पाहिलेला नाही.

आता या सगळ्याच्या मध्ये एक शब्द येतो, तो माझ्या डोक्यात जातो. स्पिरिट.

११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेवर अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, १८० हून जास्त माणसं गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या भरून धावल्या. तेव्हापासून हा शब्द आपल्या गळ्यात आहे. २६/११ ला तर कमालच. शेअर बाजार फक्त गुरुवारी बंद होता. शुक्रवारी ताजमध्ये गोळीबार चालू असताना दलाल स्ट्रीट उघडला आणि हिरव्या आकड्यात बंद झाला. वा! स्पिरिट!

बॉस, २००८ चा डिसेंबर कसला होता ते आठवा. सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली होती. ऑक्टोबरमध्ये जेट एअरवेजने शेकडो कर्मचाऱ्यांना एका दिवसात घरी पाठवून, बोंबाबोंब झाल्यावर दोन दिवसांत परत घेतलं होतं. प्रत्येक ऑफिसात एचआरच्या केबिनचा दरवाजा बंद झाला की सगळ्यांच्या माना वळायच्या. अशा महिन्यात कोण म्हणणार होतं की मला लोकलची भीती वाटते, मी आठवडाभर घरी बसते? आम्हाला शुक्रवारी मेल आला होता की परिस्थिती पाहून ज्याने त्याने ठरवावं, आणि मेलच्या शेवटी होतं की न येणाऱ्यांची रजा धरली जाईल. ते स्पिरिट वगैरे जे होतं ना, ते पुष्कळसं मस्टर होतं.

या विषयावरचा बेस्ट सिनेमा २६/११ च्या तीन महिने आधीच येऊन गेला होता, ही आणखी एक गंमत. निशिकांत कामतचा 'मुंबई मेरी जान', ऑगस्ट २००८. लोकल स्फोटांनंतरची गोष्ट. त्यात माधवन आपल्यातलाच एक आहे, चांगल्या नोकरीतला, कार घेणं परवडत असून तत्त्व म्हणून ट्रेनने जाणारा. स्फोटातून वाचतो आणि नंतर त्याला ट्रेनमध्ये पायच ठेवता येत नाही. सोहा अली खान टीव्ही रिपोर्टर. दुसऱ्यांच्या दुःखापुढे माईक धरणारी. तिचाच होणारा नवरा स्फोटात जातो आणि तिचं चॅनल तिचीच स्टोरी करायला निघतं. पाहिला नसेल तर या वीकेण्डला पाहा. निशिकांत २०२० मध्ये गेला. 'डोंबिवली फास्ट'ही त्याचाच. लोकलमध्ये घामेजून उभ्या असलेल्या माणसाला त्याच्याइतकं कुणी ओळखलं नाही असं माझं ठाम मत आहे.

पण मला बोलायचंय ते हसण्याबद्दल.

न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ नंतर हा प्रश्न चक्क टीव्हीवर विचारला गेला होता. 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' हा त्यांचा आठवड्याचा कॉमेडी शो २९ सप्टेंबरला परत सुरू झाला, तेव्हा स्टेजवर महापौर रुडी ज्युलियानी, सोबत अग्निशमन दलाचे आणि पोलीस दलाचे लोक. शोचा निर्माता लॉर्न मायकल्स महापौरांना विचारतो, आता आम्ही विनोद करू शकतो का? महापौर म्हणतात, आताच कशाला सुरुवात करताय? हशा. परवानगी मिळाली, शो सुरू. मला ही पद्धत आवडते. कोणीतरी अधिकृत माणूस येऊन सांगतो की झालं, आता हसा.

आपल्याकडे अशी परवानगी कुणी कुणाकडे मागितली नाही. १२ डिसेंबरला 'रब ने बना दी जोडी' आला, लोक गेले. पंचवीस तारखेला 'गजनी' आला आणि रेकॉर्ड मोडले. बघा हं, हल्ल्याला महिना होतोय आणि शहरातला सगळ्यात मोठा हिट सिनेमा कशावर? दर पंधरा मिनिटांनी सगळं विसरणाऱ्या माणसावर! हे कोणी कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने अतिरेक म्हणून कापलं असतं. त्याच्या आधीपासून आमिरचा तो भादरलेल्या डोक्याचा लूक सगळीकडे होता. पोस्टरवर, मल्टिप्लेक्सच्या स्टाफच्या डोक्यावर. आमिर स्वतः मशीन घेऊन लोकांचे केस कापत फिरत होता.

आमच्या अकाउंट्समध्ये एक मुलगा होता, कल्याणचा. त्याचे वडील त्या रात्री मावशीला गाडीत बसवून द्यायला सीएसटीला गेले होते. मेल गाड्यांच्या हॉलमध्ये. मावशी वाचली. तो तेरावं आटपून डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कामावर आला. डोक्यावर टोपी. दुपारी उकडलं म्हणून त्याने टोपी काढली, आणि पॅण्ट्रीत दुसऱ्या डिपार्टमेंटचा एक जण, ज्याला काहीच माहीत नव्हतं, त्याला बघून ओरडला, 'अरे काय गजनी!'

पॅण्ट्रीतला चहाच्या मशीनचा आवाजसुद्धा ऐकू येईल अशी शांतता. ओरडणाऱ्याला कुणीतरी हाताला धरून बाहेर नेलं, सांगितलं, तो बिचारा रडायचाच बाकी राहिला. पण कल्याणवाला हसला होता. तोंडदेखलं नाही, चांगला हसला होता. मी दोन-तीन दिवसांनी विचारलं, तुला लागलं नाही का रे ते? तो म्हणाला, 'मॅडम, जो भेटतो तो विचारतो कसं झालं, कुठे होते, बॉडी कधी मिळाली. सगळ्यांना पहिल्यापासून सांगावं लागतं. गजनी म्हणाला त्याला काहीच सांगावं लागलं नाही.'

मला त्यावर काय बोलावं ते सुचलं नाही. मग आम्ही चहा घेतला.

पंधरा डिसेंबर, सोमवार. इंग्लंडची टीम वन डे मालिका अर्धवट सोडून घरी गेली होती ती कसोटीसाठी परत आली होती. सामने मुळात अहमदाबाद आणि मुंबईचे, ते हलवून चेन्नई आणि मोहालीला नेले. चेन्नईत शेवटच्या दिवशी ३८७ चा पाठलाग. आधी सेहवागने धुतलं, मग सचिन आणि युवराज. सचिनने स्वीप मारून चौकार घेतला, त्यातच त्याचं शतक झालं आणि त्यातच मॅचही संपली. नाबाद १०३. ते त्याने मुंबईला अर्पण केलं. आमच्या रिसेप्शनच्या टीव्हीसमोर एमडीपासून ऑफिस बॉयपर्यंत सगळे उभे. अकाउंट्सचं डिपार्टमेंट पूर्ण. त्या दिवशी कोणी स्पिरिट हा शब्द उच्चारला नाही, आणि हजेरी कोणी लावायला सांगितली नव्हती.

आता त्या आठवड्यातून उरलेल्या माझ्या आवडत्या तीन बातम्या. पेपरात चौकटीत येतात ना, तशा.

पहिली शेरूची. शेरू म्हणजे सीएसटी परिसरातला एक भटका कुत्रा, त्या रात्री त्यालाही गोळी लागली. त्याला उचलून परळच्या बैलघोडा हॉस्पिटलमध्ये नेलं. तो वाचला, आणि पुढे तिथला सेलिब्रिटी होऊन राहिला. लोक त्याला बघायला जायचे. माणसं मेली आणि तुम्हाला कुत्र्याचं काय पडलंय, असं तेव्हा काही जण म्हणाले. मी ऐकून घेतलं. पण ज्याचा या कशाशीच संबंध नव्हता, ज्याला हिंदू-मुस्लिम, भारत-पाकिस्तान यातलं ओ की ठो कळत नव्हतं, असा एक तरी जखमी त्या रात्री होता आणि तो बरा झाला, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्याच्यामुळे माझ्या भाचीला मी सीएसटीबद्दल पहिल्यांदा सांगू शकले. शेरूपासून सुरुवात केली आणि मग हळूहळू विष्णू झेंड्यांपर्यंत गेले.

ती दुसरी. झेंडे तेव्हा रेल्वेचे अनाउन्सर. आपल्या काचेच्या केबिनमधून त्यांनी गोळीबार पाहिला आणि माइक सोडला नाही. लोकलने येणाऱ्या लोकांना मुख्य हॉलकडे येऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा, असं हिंदीत आणि मराठीत सांगत राहिले. केबिनवरही गोळ्या आल्या. सीएसटीवर पन्नासहून जास्त माणसं गेली, पण अंधेरी-पनवेल, कर्जत-कसारा करत उतरणारी गर्दी त्या आवाजामुळे वळली. विचार करा, रोज आपण ज्या आवाजाकडे दुर्लक्ष करतो, 'यात्रीगण कृपया ध्यान दें' म्हटलं की हेडफोन आणखी आत खुपसतो, तोच आवाज.

आता या दोन बातम्या एकीकडे आणि बिर्याणी दुसरीकडे ठेवा. दोन्हीकडे बातमी तशी किरकोळच आहे. एक कुत्रा, एक अनाउन्समेंट, एक जेवणाची ऑर्डर. पण शेरूच्या मागोमाग गेलं तर तुम्ही त्या हॉलमध्ये पोचता, तिथल्या बाकांपाशी, मावशीला सोडायला आलेल्या माणसापाशी. बिर्याणीच्या मागोमाग गेलात तर कुठेच पोचत नाही. तिथे बसून फक्त चिडता येतं. आणि चिडायला तर आपल्याला कारण होतंच की, खोटं कशाला लागत होतं? निकम मोठे वकील, खटला त्यांनी जिंकला. त्यांचं ते वाक्य मात्र माझ्या हिशोबात तोट्याच्या बाजूलाच आहे.

तिसरी बातमी २०२१ ची. गिरगाव चौपाटीवर नुसत्या लाठीनिशी कसाबला धरून ठेवणारे आणि अंगावर गोळ्या झेलून गेलेले तुकाराम ओंबळे. सहायक उपनिरीक्षक. त्यांना अशोकचक्र मिळालं, पुतळा झाला, हे माहीत असेल. पण कोळी माहीत आहे का? म्हणजे कोळीवाड्यातले नव्हेत, भिंतीवरचा. संशोधकांना ठाणे-कल्याण भागात उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात सापडली. तिचं नाव त्यांनी ओंबळेंवरून ठेवलं, आयशियस तुकारामी. जाळं न विणता झेप घेऊन सावज पकडणारा हा प्राणी. आकार काही मिलिमीटर. जगातल्या कोणत्याही म्युझियममध्ये हा कोळी ठेवतील तिथे लेबलवर आपल्या साताऱ्याकडच्या माणसाचं नाव असणार.

ही बातमी मला व्हॉट्सअ‍ॅपवर पहिल्यांदा त्या कल्याणच्या मुलाने पाठवली. मुलगा काय, आता चाळिशीचा बाप्या झालाय, दुसऱ्या कंपनीत आहे, डोक्यावर भरपूर केस आहेत. लिंकच्या खाली लिहिलं होतं, 'आमच्या कल्याणचा आहे! पोरांना घेऊन बाल्कनीत शोधतोय.'

मी विचारलं, सापडला का?

रात्री साडेअकराला फोटो आला. अंधारात, फ्लॅश मारून काढलेला, हललेला. भिंतीवर एक ठिपका. खाली मेसेज, 'बहुतेक साधाच आहे. पण मारला नाही.'